पश्चिम घाटाचा नकाशा आणि ग्रामसभा : पर्यावरणीय प्रतिमानातील लोकसहभागाचा इतिहास

१

ज्यांच्या जगण्यावर एखाद्या पर्यावरणविषयक निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्यांना त्या निर्णयाच्या प्रक्रियेत सहभागी करून घ्यावे, हे तत्त्व आज बहुतेक सर्वमान्य झाले आहे. मात्र हा सहभाग प्रक्रियेच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर असावा, याविषयी तितकी स्पष्टता आढळत नाही. तज्ज्ञांनी प्रतिमान तयार करावे, शासनाने त्यावरून मसुदा काढावा आणि लोकांनी त्यावर मत द्यावे, हा सर्वसाधारण क्रम आहे. प्रतिमान म्हणजे वास्तवाची निवडक, मोजता येण्याजोगी मांडणी. कोणते घटक मोजायचे, कोणते वगळायचे आणि मोजमापाचे एकक कोणते घ्यायचे, या निवडी झाल्या की निर्णयाचा मोठा भाग प्रत्यक्षात होऊन गेलेला असतो. म्हणून लोकसहभागाचा प्रश्न मुळात प्रतिमानाच्या घडणीचाच प्रश्न ठरतो. १९८७ ते २०२४ या काळातील पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रनिश्चितीचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या विषयाच्या परिभाषेतच एक अडचण दडलेली आहे. इंग्रजीतील 'स्टेकहोल्डर' या संज्ञेसाठी मराठीत 'भागधारक', 'हितसंबंधी' आणि 'हितधारक' असे तीन प्रतिशब्द योजले जातात. 'भागधारक' म्हणताच कंपनीचे समभाग घेणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. 'हितसंबंधी' या शब्दाला 'हितसंबंध गुंतलेले असणे' या वाक्प्रचारामुळे संशयाची छटा चिकटलेली आहे. 'हितधारक' हा शब्द नवघटित असून कार्यालयांबाहेर फारसा रुळलेला नाही. याउलट 'वहिवाटदार' या जुन्या शब्दात जमिनीचा दीर्घकाळचा वापर, त्यातून आलेली ओळख आणि त्यावर उभा असलेला हक्क या तिन्ही गोष्टी एकवटलेल्या आहेत. पर्यावरणीय निर्णयात गावाचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे यावर अवलंबून राहते, की शासनव्यवस्था गावाला हितसंबंधी मानते की वहिवाटदार.

२

परिसराचे गणिती प्रतिमान लोकांच्या साक्षीने घडवण्याचे प्रयत्न जगात १९७० च्या दशकात सुरू झाले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लिमिट्स टू ग्रोथ' या ग्रंथाने संगणकीय प्रतिमानांकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. परंतु त्या प्रतिमानात संपूर्ण पृथ्वी ही एकच व्यवस्था होती आणि कोणत्याही एका गावाला तीत स्वतःचा चेहरा नव्हता. याच सुमारास क्रॉफर्ड हॉलिंग आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने जात होते. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील ओबेरगुर्गल या पर्वतीय गावात पर्यटनामुळे हॉटेले वाढत होती आणि बांधकामास योग्य जमीन आटत चालली होती. १९७४ साली तेथील प्रश्नावर प्रतिमान तयार करताना शास्त्रज्ञांबरोबर गावकरीही चर्चेस बसले. हॉलिंग यांनी संपादित केलेल्या १९७८ च्या ग्रंथात या कार्यपद्धतीची सविस्तर मांडणी आहे. प्रतिमान म्हणजे अंतिम उत्तर नव्हे. निरनिराळ्या जाणकारांना एकाच प्रश्नाभोवती आणण्याचे ते साधन होय, असा या पद्धतीचा आशय होता.

भारतात अशा विचाराला आधार मिळाला तो प्रयोगशाळांपेक्षा लोकचळवळींतून. केरळमधील सायलेंट व्हॅली जलविद्युत प्रकल्पाच्या वादात केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रकल्पाचे तांत्रिक-आर्थिक परीक्षण स्वतः करून प्रसिद्ध केले. शासनाच्या आकडेमोडीसमोर नागरिकांनी पर्यायी आकडेमोड ठेवल्याचे हे ठळक उदाहरण होय. १ नोव्हेंबर १९८७ रोजी 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रेच्या दोन तुकड्या निघाल्या, एक उत्तरेकडे नवापूरहून आणि दुसरी दक्षिणेकडे कन्याकुमारीहून. फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यातील फोंडा परिसरात त्या एकत्र आल्या. तोवर सह्याद्री, मलनाड, निलगिरी अशा प्रादेशिक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या पर्वतरांगेचा एक सलग प्रश्न म्हणून विचार होण्यास या पदयात्रेने मोठा हातभार लावला.

१९९० च्या दशकाच्या आरंभी केरळात तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अभ्यास केंद्राने शास्त्र साहित्य परिषदेच्या साहाय्याने पंचायत पातळीवर साधनसंपत्तीचे नकाशे करण्याचा उपक्रम हाती घेतला. स्थानिक स्वयंसेवकांनी शेताशेतांत फिरून जमीन, पाणी आणि पिके यांची नोंद केली. शास्त्रज्ञांनी तिला भूशास्त्राची जोड दिली. कण्णूर जिल्ह्यातील कल्लियाश्शेरी पंचायतीचा प्रयोग यात विशेष गाजला. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद केली आणि लोकांनी करावयाच्या जैवविविधता नोंदवह्यांना अधिकृत स्थान मिळाले. २०१० च्या आधीच, अशा रीतीने, गावाने आपल्या परिसराची नोंद करावी व शास्त्राने ती वापरावी या कल्पनेची पायाभरणी झाली होती.

३

४ मार्च २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ गटाची नियुक्ती केली. गटासमोर तापीपासून कन्याकुमारीपर्यंतचा, सहा राज्यांतून जाणारा सुमारे १,४९० किलोमीटर लांबीचा प्रदेश होता. गटाने या प्रदेशाची सुमारे ९ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकटींत विभागणी केली. अशा जवळपास २,२०० चौकटी झाल्या. प्रदेशनिष्ठ वनस्पती, संकटग्रस्त सस्तन प्राणी, जंगलाचे प्रमाण, उंची, उतार अशा घटकांना १ ते १० असे गुण देऊन त्यांची सरासरी काढण्यात आली आणि तीवरून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी ठरवण्यात आल्या. प्रत्येक राज्याचा विचार स्वतंत्रपणे करण्यात आला. ही कार्यपद्धती गटाच्या सदस्यांनी जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे अहवालाच्या आधीच, 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध करून अभ्यासकांच्या परीक्षणासाठी खुली केली होती.

या प्रतिमानाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या गणितात नसून त्याने स्वतःला दिलेल्या दर्जात आहे. या श्रेणी तात्पुरत्या असून त्यांना अंतिम रूप ग्रामसभांच्या विचारविनिमयातून द्यावे, अशी अहवालाची भूमिका होती. सुमारे ८१ चौरस किलोमीटरच्या एका चौकटीत अनेक गावे, त्यांची शेते, वस्त्या आणि राने सामावलेली असतात. त्यांतील भेद त्या चौकटीला दिसत नाहीत, हे गटाने गृहीत धरले होते. म्हणून चौकटीचा नकाशा हा केवळ आरंभबिंदू होता आणि त्यातील बारकावे गाव व लहान पाणलोटाच्या पातळीवर भरले जावयाचे होते.

यासाठी गटासमोर गोव्याचा ताजा दाखला होता. गोव्याचा २०११ सालासाठीचा प्रादेशिक आराखडा 'गोवा बचाव अभियाना'च्या आंदोलनानंतर २००७ मध्ये रद्द करावा लागला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ चा आराखडा सिद्ध करताना गावनिहाय नकाशे ग्रामसभांपुढे ठेवून त्यांच्या सूचना मागवल्या. तो प्रयोग पूर्णत्वास गेला असे म्हणता येत नाही. परंतु नकाशा आधी गावात जावा व मग राजधानीत पक्का व्हावा, हा क्रम तेथे निदान आरंभला गेला होता. महाराष्ट्रात याला पूरक अशी घटना सिंधुदुर्ग जिल्ह्यात घडली. खाणकामाच्या छायेत असलेल्या सावंतवाडी-दोडामार्ग परिसरातील २५ गावांनी, आपला परिसर संवेदनशील म्हणून घोषित व्हावा, असे ठराव स्वतःहून केले. ग्रामस्थ संरक्षणाच्या विरोधातच असतात, या गृहीतकाला या ठरावांनी छेद दिला. तथापि या गावांना संरक्षणाबरोबरच त्याच्या अटी ठरवण्यातही वाटा हवा होता. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून संवेदनशील म्हणून घोषित होता आणि नियमन अधिकाऱ्यांच्या हाती एकवटले की त्याचा जाच सामान्य माणसालाच होतो, हे तेथील अनुभवाने दाखवून दिले होते. गाडगीळ गटाने ही बाब गंभीरपणे नोंदवली.

४

३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर झाला, आणि येथून त्याच्या इतिहासाला निराळे वळण लागले. मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकारात केलेल्या अर्जावर केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथेही निकाल प्रसिद्धीच्या बाजूने लागला आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. ज्या अहवालाचा गाभाच ग्रामसभांशी चर्चा हा होता, तो सुमारे नऊ महिने बंद कपाटात राहिला आणि बाहेर आला तो इंग्रजीत.

भाषेचा हा मुद्दा गौण नाही. दोन भागांतील तो विस्तृत, आकडे आणि तक्ते यांनी भरलेला ग्रंथ मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळम, तमिळ व गुजराती या भाषांतून ग्रामसभांपर्यंत वेळेवर पोहोचणे हा त्या कार्यपद्धतीचाच अविभाज्य भाग होता. तसे न घडल्याने लोकांना अहवाल कळला तो ऐकीव स्वरूपात: घर बांधता येणार नाही, रबर लावता येणार नाही, गावे उठवली जातील. अहवालात नसलेल्या गोष्टी त्याच्या नावावर जमा होत गेल्या. तात्पुरत्या म्हणून आखलेल्या श्रेणी लोकांच्या मनात अंतिम हुकूम ठरल्या. मंत्रालयाकडे अहवालावर आलेल्या सुमारे १,७५० प्रतिसादांपैकी ८१ टक्के प्रतिकूल होते, हे नंतर वारंवार सांगितले गेले. पण लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत न पोहोचलेल्या ग्रंथावर आलेल्या या प्रतिसादांना लोकमत म्हणावे की अफवांचे मोजमाप, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

अहवालाच्या मांडणीतही काही दोष होते, हे मान्य करावे लागेल. चौकटीचे गुण शेवटी १४२ तालुक्यांच्या यादीत रूपांतरित झाल्यामुळे, आपला संपूर्ण तालुका बंधनात गेला, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक होते. कीटकनाशकांचा वापर किती वर्षांत थांबवावा, कोणती पिके घ्यावीत, इथपर्यंत जाणारी शिफारशींची तपशीलवार कोष्टके विचारार्थ मांडलेली असली, तरी त्यांची भाषा आदेशाच्या जवळ जाणारी होती. ग्रामसभेला विचारण्यासाठी आखलेला नकाशा प्रश्नाच्या रूपात मांडला गेला असता, तर कदाचित त्याचा स्वीकार वेगळ्या रीतीने झाला असता.

५

१७ ऑगस्ट २०१२ रोजी मंत्रालयाने डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला. त्याने १५ एप्रिल २०१३ रोजी अहवाल दिला. या कार्यगटाने प्रतिमानाची मूळ चौकटच बदलली. पश्चिम घाटाचे क्षेत्र गाडगीळ गटाने सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर धरले होते; येथे ते १,६४,२८० चौरस किलोमीटर धरण्यात आले. उपग्रहाच्या प्रतिमांवरून या प्रदेशाची 'नैसर्गिक भूदृश्य' आणि 'सांस्कृतिक भूदृश्य' अशी विभागणी झाली. शेते, मळे व वस्त्या दुसऱ्या प्रकारात जाऊन बहुतांशी बाहेर राहिल्या. एकूण क्षेत्रापैकी सुमारे ३७ टक्के, म्हणजे ५९,९४० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरले. एकक म्हणून गाव घेण्यात आले. ज्या गावाचे २० टक्के वा अधिक क्षेत्र संवेदनशील, ते गाव यादीत.

या पद्धतीचे काही गुण निर्विवाद आहेत. उपग्रहाची प्रतिमा चौकटीपेक्षा कितीतरी सूक्ष्म होती. गावाचे नाव यादीत आहे की नाही, हे कोणालाही पाहता येत होते. खाणकाम, औष्णिक वीज आणि अतिप्रदूषक उद्योग यांवर स्पष्ट बंदी सुचवण्यात आली. परंतु प्रतिमान जितके सूक्ष्म झाले, तितकी त्यातील माणसाची जागा आक्रसली. उपग्रहाला हिरवे आच्छादन दिसते. ते देवराईचे की लागवडीचे, हे त्याला सहज उमगत नाही. कोकणातील कातळसडा वरून ओसाड दिसतो आणि सरकारी दप्तरात पुष्कळदा 'पडीक' म्हणून नोंदला जातो. पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या प्रदेशनिष्ठ वनस्पती आणि तेथे गुरे चारणाऱ्या माणसाला ठाऊक असलेली पाण्याची जागा त्या प्रतिमेत येत नाही. शिवाय वीस टक्क्यांच्या नियमामुळे ज्यांची वस्ती दाट, अशा केरळातील विस्तीर्ण गावांचे उरलेले ऐंशी टक्केही यादीत ओढले गेले.

गाडगीळ यांनी मे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात मुख्य आक्षेप याच दिशेने घेतला. आर्थिक निर्णयांत स्थानिक समुदायांची भूमिका नाकारणे हे ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे एका योगायोगाची नोंद घेणे आवश्यक आहे. कार्यगटाने अहवाल दिल्यानंतर तीनच दिवसांनी, १८ एप्रिल २०१३ रोजी, ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेथील ग्रामसभांना आपल्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांविषयी निर्णय घेण्यास सांगितले आणि त्याच वर्षी बाराही ग्रामसभांनी खाणीविरुद्ध कौल दिला. तेथे वनहक्क कायद्याचा आधार होता; पश्चिम घाटात पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ ची चौकट होती. त्यामुळे एकाच आठवड्यात देशाने ग्रामसभेला एके ठिकाणी निर्णयकर्ती मानले आणि दुसऱ्या ठिकाणी यादीतील एक नोंद.

६

नोव्हेंबर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन अहवालाच्या आधारे मंत्रालयाने निर्देश काढताच केरळच्या डोंगराळ जिल्ह्यांत हरताळ झाले व काही ठिकाणी त्यांना हिंसक वळण लागले. केरळ शासनाने आधीच नेमलेल्या ओमन समितीने सुनावण्या घेतल्या. पंचायत पातळीवर समित्या नेमून शेतजमिनी व वस्त्यांची प्रत्यक्ष पडताळणी झाली आणि १२३ गावांतील संवेदनशील क्षेत्र सुमारे १३,१०८ वरून ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आले. हीच पडताळणी २०११ च्या अहवालाला अपेक्षित होती. फरक इतकाच की, ती आरंभी झाली असती तर काय राखावे याची चर्चा झाली असती. शेवटी झाल्यामुळे काय वगळावे एवढीच चर्चा उरली. विलंबाने आलेला सहभाग बेरीज करू शकत नाही. तो केवळ वजाबाकी करतो.

१० मार्च २०१४ रोजी ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी पहिली मसुदा अधिसूचना निघाली. मुदतीत अंतिम अधिसूचना न निघाल्याने २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा मसुदे काढण्यात आले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाड जिल्ह्यात भीषण भूस्खलन झाले होते. गाडगीळ गटाने ज्या वैथिरी तालुक्याला सर्वाधिक संवेदनशील श्रेणी दिली होती, त्याच तालुक्यातील ही आपत्ती होती. महाराष्ट्रात बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले होते. अधिसूचना असती तर या दुर्घटना टळल्या असत्या, असे विधान शास्त्रीय ठरणार नाही. भूस्खलनाची कारणे अनेक असतात. परंतु उतार, पाणी आणि जमिनीचा वापर यांविषयी गाव व शास्त्र यांनी एकत्र बसून विचार करण्याची जी व्यवस्था उभी राहायला हवी होती, ती या दहा वर्षांत उभी राहिली नाही, हे मात्र निश्चित.

प्रत्येक मसुद्याबरोबर साठ दिवसांत हरकती मागवण्यात आल्या. शासकीय मराठीत 'हरकती व सूचना' हा जोडशब्द रूढ आहे. व्यवहारात सूचना मागे पडतात आणि हरकती उरतात. हरकत घेण्यासाठी नकाशा कोणीतरी आधीच पूर्ण केलेला असावा लागतो. हरकत घेणारा नागरिक त्या नकाशाचा कर्ता नसतो. तो एक तर त्याला मान्यता देतो, नाही तर अडथळा ठरतो. सिंधुदुर्गातील २५ गावांनी जे मागितले, त्याला या रचनेत जागा नव्हती. कारण त्यांचे म्हणणे हरकत या सदरात बसणारे नव्हते. ते संरक्षणाची मागणी करत होते, आणि त्याबरोबर नकाशावर हात ठेवण्याचा हक्कही.

७

या सर्व इतिहासाचे तात्पर्य तज्ज्ञ विरुद्ध लोक असे सोपे नाही. चौकटीच्या गणिताशिवाय सहा राज्यांतील पर्वतरांगेचा सलग विचार शक्य नव्हता आणि उपग्रहाच्या प्रतिमेशिवाय गावपातळीवरची स्पष्टता आली नसती. दोन्ही गटांनी आपापल्या परीने गंभीर शास्त्रीय काम केले. प्रश्न होता तो प्रतिमान अपूर्ण मानण्याच्या तयारीचा. २०११ च्या प्रतिमानाने आपली अपूर्णता मान्य केली, परंतु ती पूर्ण करणाऱ्यांच्या हाती ते त्यांच्या भाषेत पोहोचू दिले गेले नाही. २०१३ च्या प्रतिमानात गावाचे नाव होते. गावाचे म्हणणे नव्हते. पुढील मसुद्यांनी ही उणीव हरकतींच्या मुदतीने भरून काढण्याचा प्रयत्न केला. हरकतीचे स्वरूप पाहता ती त्या मार्गाने भरून येणे शक्य नव्हते.

लोकसहभागाची कसोटी म्हणूनच सुनावण्यांच्या संख्येवर लागत नाही. नकाशातील एखादी रेषा ग्रामसभेच्या सांगण्यावरून हलू शकते का, आणि हललेल्या रेषेचे कारण पुढच्या पिढीला वाचता येईल अशा भाषेत नोंदले जाते का, या दोन प्रश्नांवर ती लागते. कल्लियाश्शेरीतील स्वयंसेवकांच्या नोंदी, गोव्यातील गावनिहाय नकाशे आणि सावंतवाडी-दोडामार्गचे ठराव यांत या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे अल्प प्रमाणात का होईना दिसतात. पश्चिम घाटाचा अंतिम नकाशा जेव्हा केव्हा सिद्ध होईल, तेव्हा त्यात कातळसडा, देवराई, पाणवठा हे शब्द केवळ परिशिष्टात राहतात की प्रतिमानाचे घटक म्हणून मोजले जातात, यावर त्या नकाशाचे आयुष्य अवलंबून राहील. ज्यांनी तो आखण्यात भाग घेतला, तेच तो राखतील. इतरांच्या दृष्टीने तो आणखी एक सरकारी कागद ठरेल.